रबराच्या रोपाला जामीन कोण?

भारतातील नैसर्गिक रबराचा प्रश्न वृत्तपत्रांतून चर्चेला येतो तो बहुधा दोनच प्रसंगी. भाव कोसळले म्हणजे केरळातील बागायतदार आयातीविरुद्ध गाऱ्हाणे मांडतात आणि भाव चढले म्हणजे टायरचे कारखानदार टंचाईचे गाऱ्हाणे घेऊन दिल्लीला जातात. दोन्ही गाऱ्हाण्यांत तथ्य असते आणि भाव बदलताच दोन्ही विरून जातात. २०२३-२४ या वर्षी देशात साडेआठ लाख टनांच्या आसपास नैसर्गिक रबर निघाले आणि खपले मात्र १४ लाख टनांहून अधिक. ही तफावत मुख्यतः आयातीनेच भरून काढावी लागते. ती कमी करावयाची तर अधिक जमीन रबराखाली आणावी असा एक विचार आहे, आणि आहे त्याच जमिनीतून अधिक चीक मिळवावा असा दुसरा. परंतु या दोन्ही विचारांची वाट ज्या एका लहानशा, दुर्लक्षित जागेतून जाते तिचे नाव सहसा कोणी घेत नाही. ती जागा म्हणजे रोपवाटिका.

ज्वारीचे बी फसवे निघाले तर शेतकऱ्याचा एक हंगाम बुडतो. हानी मोठीच, पण ती चार महिन्यांत कळते आणि पुढच्या वर्षी नवे बी पेरता येते. रबराचे तसे नाही. लावलेल्या झाडाच्या सालीवर पहिली खाच पडावयास आपल्याकडे सर्वसाधारणपणे ७ वर्षे लागतात आणि त्यानंतर २०-२५ वर्षे ते झाड चीक देते. जमिनीपासून १२५ सेंटिमीटर उंचीवर खोडाचा घेर ५० सेंटिमीटर भरल्याखेरीज झाडाला हात लावू नये, आणि बागेतील शंभरापैकी ७० झाडे या मापाला पोचल्याखेरीज चीक काढण्यास आरंभ करू नये, असा या धंद्यातील दंडक आहे. म्हणजे बागेचे उत्पन्न केव्हा सुरू व्हावयाचे हे सर्वांत जोमदार झाड ठरवीत नाही; मागे रेंगाळणारी झाडे ठरवितात. दहा-वीस झाडे सहाव्याच वर्षी तयार झाली म्हणून मालकाच्या घरात पैसा येत नाही. बाकीच्यांची वाट पाहावी लागते, आणि त्या प्रत्येक वर्षी खत, तणकाढणी आणि राखणी यांचा खर्च मात्र चालूच राहतो.

मागे रेंगाळणारे झाड हे मागेच का राहते, हे समजून घेणे आवश्यक आहे. हेक्टरी साडेचारशे-पाचशे रोपे लावली म्हणजे पहिली दोन-तीन वर्षे प्रत्येकाला पुरेसे ऊन मिळते. पुढे फांद्या एकमेकींना भिडू लागतात. या सुमारास जे रोप शेजाऱ्यांपेक्षा हातभर खुजे असते ते त्यांच्या सावलीत जाते. सावलीत गेलेले झाड अन्न कमी तयार करते, म्हणून त्याचा घेर सावकाश वाढतो, आणि घेर सावकाश वाढला म्हणून ते आणखी सावलीत जाते. लावणीच्या दिवशी जो फरक चार बोटांचा होता तो सातव्या वर्षी दोन-तीन वर्षांच्या वाढीइतका होऊन बसतो. त्यातून एकदा चीक काढण्यास आरंभ झाला की झाडाची वाढ मुळातच मंदावते, कारण जे अन्न लाकडात जावयाचे ते चिकात जाते. जे झाड अशक्तपणी कापले गेले ते पुढेही अशक्तच राहते. खत दुप्पट घातले म्हणून हे अंतर भरून निघत नाही. पुष्कळदा ते खत शेजारच्या बलवान झाडाचीच मुळे घेऊन जातात.

हे सारे टाळण्याची सर्वांत स्वस्त जागा रोपवाटिका ही आहे. तेथे एक खुरटे रोप उपटून फेकावयास काहीच पैसे पडत नाहीत. तेच रोप बागेत सात वर्षे पोसले गेले तर त्याची किंमत कोणत्याही हिशेबाने भरून येत नाही. गंमत अशी की, बागेच्या सात वर्षांच्या एकूण खर्चात जमिनीची मशागत, टप्पे काढणे, खड्डे, खते, मजुरी यांचाच वाटा मोठा असतो आणि रोपाच्या किमतीचा वाटा अगदी किरकोळ असतो. घासाघीस मात्र होते ती रोपाच्या किमतीवर.

रबराचे रोप ही वस्तू तरी काय आहे? पुष्कळांना ते आंब्याच्या कोयीसारखे बी रुजवून तयार होते असे वाटते. एके काळी ते तसेच होते. १८७६ साली हेन्री विकहॅम याने ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया लंडनजवळच्या क्यू उद्यानात आणल्या. रबराचे बी फार नाशवंत. झाडावरून पडल्यावर काही आठवड्यांतच त्याची उगवणशक्ती संपते. त्या सत्तर हजारांतून जेमतेम अडीच-तीन हजार रुजल्या. त्यांतील बरीच रोपे सिलोनला गेली, आणि १८७७ मध्ये अवघी २२ रोपे सिंगापूरला पोचली. आग्नेय आशियातील मळ्यांचा विस्तार मुख्यतः या मूठभर वंशातून झाला. भारतात १९०२ साली पेरियार नदीच्या काठी थट्टेकाड येथे पहिला व्यापारी मळा उभा राहिला तो याच परंपरेतला.

बियांपासून वाढविलेल्या या मळ्यांत लवकरच एक गोष्ट लक्षात आली. एकाच मळ्यातील, एकाच वयाची, एकाच मातीतील झाडे चीक देण्यात एकमेकांहून अत्यंत भिन्न होती. थोडी झाडे भरपूर देत, बरीचशी बेताचे देत आणि काही केवळ जागा अडवीत. त्या थोड्या गुणी झाडांच्या प्रती काढावयाच्या तर बी कामाचे नव्हते, कारण परपरागाने तयार झालेले बी आईचे गुण तंतोतंत घेऊन येत नाही. १९१५ ते १९१७ या काळात डच ईस्ट इंडीजमध्ये फान हेल्टेन आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या मळेवाल्यांनी या झाडावर डोळा भरण्याची रीत बसविली आणि रबराच्या शेतीला नवे वळण लागले. आज आपण ज्याला रबराचे रोप म्हणतो ते वस्तुतः दोन झाडांचे मिळून झालेले असते. खालचा खुंट आणि मुळे बियांपासून आलेली. वरचे खोड, साल आणि पाने निवडलेल्या एका झाडाच्या डोळ्यातून आलेली. असा एकाच झाडापासून डोळ्यांनी वाढविलेला वंश म्हणजे क्लोन.

कोट्टायम येथील भारतीय रबर संशोधन संस्थेने १९५५ नंतरच्या काळात केलेले सर्वांत मोठे काम याच क्षेत्रातले आहे. जावामधील त्जिर १ आणि मलायातील ग्लेनशील १ या दोन क्लोनांच्या संकरातून निघालेला ‘आरआरआयआय १०५’ हा क्लोन १९८० मध्ये बागायतदारांच्या हाती आला. संकर १९५० च्या दशकातला आणि शिफारस १९८० ची, यावरूनच या झाडाच्या संशोधनाला किती धीर लागतो हे कळेल. या क्लोनने केरळचे रबर बदलून टाकले. निवड न केलेल्या बियांच्या बागा हेक्टरी चार-पाचशे किलोंवर अडखळत होत्या, तेथे या क्लोनच्या चांगल्या बागा दोन हजार किलोंच्या घरात गेल्या. पुढे २००५ च्या सुमारास ४१४ आणि ४३० हे त्याच घराण्यातील नवे क्लोन आले. या यशाचा अभिमान वाटावा हे योग्यच. परंतु त्याच यशातून एक गैरसमजही फैलावला. क्लोनचे नाव चांगले असले म्हणजे रोप चांगलेच असते, हा तो गैरसमज.

नाव हे वरच्या अर्ध्या झाडाचे असते. खालच्या अर्ध्याला नाव नसते, कुळ नसते, पुष्कळदा साधी नोंदही नसते. आणि लावणीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात झाड जगते किंवा मरते ते या निनावी अर्ध्याच्या बळावर.

रोपवाटिकेतील काम बाहेरून साधे दिसते. केरळात जुलै ते सप्टेंबर या काळात बी गळते. ते ताजे असतानाच गोळा करून वाळूच्या वाफ्यात पसरावे लागते. आठवड्याभरानंतर अंकुर दिसू लागतात आणि पुढचे दोन-तीन आठवडे दिसतच राहतात. जे बी आधी रुजते त्याचे रोप बहुधा जोमदार होते, आणि जे रेंगाळत रुजते त्याचे रोप पुढेही रेंगाळते. म्हणून जाणता माळी तिसऱ्या आठवड्यानंतर रुजणारे बी उचलीतच नाही. येथे पहिली परीक्षा होते. बियांना पैसे मोजलेले असतात आणि जागा रिकामी असते. उशिरा रुजलेली बीही उचलून पिशवीत घालण्याचा मोह सोडणे सोपे नसते. अंकुर उचलतानाची घाई ही दुसरी गोष्ट. कोवळे सोटमूळ एकदा वाकले की ते वाकडेच वाढते. पिशवी लहान असली किंवा रोप तिच्यात फार दिवस राहिले तर मूळ तळाशी वेटोळे घालते. वरून पाहता असे रोप टवटवीत, हिरवेगार आणि विकत घेण्याजोगे दिसते. त्याचे वेटोळे कळते ते पाच-सात वर्षांनी, एखाद्या वादळी रात्रीनंतर, आडव्या पडलेल्या झाडाच्या बुंध्याशी.

मग डोळा भरण्याचे काम. खुंट खराटा झाला असता, साल सुटत नसता, किंवा डोळकाडी शिळी असता डोळा भरला तर तो जगत नाही. तीन आठवड्यांनी पट्टी सोडून पाहावी, जो डोळा हिरवा असेल तोच खुंट वर कापावा आणि नंतर खुंटावर येणारी फूट सतत खुडीत राहावी, असा क्रम आहे. यातील शेवटचे काम चुकले तर डोळा मरतो आणि खुंटाचीच फूट वाढून रोप तयार होते. बाजारात ते डोळा भरलेले रोप म्हणूनच जाते. जाणकाराला ते पुढे ओळखता येते. डोळा भरलेल्या झाडाचे खोड खांबासारखे सरळ सारख्या जाडीचे असते आणि जोडाशी हत्तीच्या पायासारखा फुगवटा असतो, तर बियांपासून वाढलेल्या झाडाचे खोड बुंध्याशी रुंद आणि वर निमुळते असते. पण हे ओळखावयास झाड बरेच वाढावे लागते. तोपर्यंत चार-पाच पावसाळे उलटलेले असतात.

सर्वांत नाजूक प्रश्न डोळकाडीचा. ज्या झुडपांवरून डोळे घ्यावयाचे त्या झुडपांची स्वतंत्र बाग राखावी लागते, तिच्यात दुसऱ्या क्लोनची भेसळ झाली तर ती वेळीच उपटून काढावी लागते. पानांच्या ठेवणीवरून, देठाच्या वणावरून, बियांच्या नक्षीवरून क्लोन ओळखणारी माणसे असतात. अलीकडे गुणसूत्रीय चाचण्यांनीही ओळख पटविता येते. तथापि ज्याला अर्धा हेक्टर लावावयाचे आहे असा बागायतदार यांपैकी काहीही करू शकत नाही. आणि भारतातील रबर हे मुख्यतः अशाच माणसाचे पीक आहे. देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पादन लहान धारकांकडून येते आणि सरासरी धारणा अर्ध्या हेक्टरहून फारशी मोठी नाही. तो रोपाची उंची पाहतो, पानांचा रंग पाहतो, भाव विचारतो आणि विक्रेत्याच्या शब्दावर विश्वास ठेवून रोपे गाडीत भरतो.

बाजारावर श्रद्धा असलेले अर्थशास्त्री असे म्हणतील की, वाईट माल विकणारा विक्रेता आपोआप बाजारातून बाहेर फेकला जातो. कापडाच्या किंवा चहाच्या बाबतीत हे खरे असू शकेल, कारण गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात येते. रबराचे रोप विकत घेणारा माणूस पुन्हा रोपे घेण्यास येतो तो तीस वर्षांनी, आणि बहुधा तो नव्हे, त्याचा मुलगा येतो. वाईट रोपाचा दोष कळेपर्यंत रोपवाटिकेची जागा बदललेली असते, पावती हरवलेली असते. आणि समजा विक्रेता सापडलाच, तरी झाड का वाढले नाही याची कारणे त्याच्यापाशी तयार असतात: पाऊस कमी झाला, खत वेळेवर पडले नाही, जमीनच हलकी. या कारणांपैकी एखादे खरेही असते. अशा व्यवहारात प्रामाणिक माळ्याला शिक्षा होते. जो शंभरातील पंचवीस-तीस रोपे बाद करतो त्याला उरलेल्या सत्तरांवर सगळा खर्च चढवावा लागतो. जो एकही बाद करीत नाही त्याचे रोप स्वस्त पडते. गिऱ्हाइकाला दोन्ही रोपे सारखीच दिसतात. मग पहिल्याने आपला शिरस्ता किती दिवस पाळावा?

यात भर पडते ती घाईची. रबराचा भाव चढला की लावणीची लाट येते, असा सर्वत्रचा अनुभव आहे. २०११ मध्ये केरळात किलोला २४० रुपयांच्या आसपास भाव गेला होता. २०१६ च्या आरंभी तो शंभराच्याही खाली आला. २०११ साली ज्याने रोप लावले त्याची बाग २०१८ मध्ये तयार झाली तेव्हा भाव जवळजवळ निम्म्यावर होता. भावाचे हे दुर्दैव कोणाच्याच हातचे नाही, परंतु पडत्या भावात तगून राहावयाचे तर झाडाने भरपूर आणि वेळेवर चीक देणे एवढा एकच आधार लहान धारकाला असतो. लाटेच्या वर्षी मात्र मिळेल ते रोप घेण्याकडे त्याचा कल होतो. रोपवाटिका तर मागणीप्रमाणे एका रात्रीत वाढू शकत नाही. बी गळण्यापासून पिशवीतील रोप पानांचे दोन-तीन झुबके घेऊन लावणीस सिद्ध होईपर्यंत, नेहमीच्या पद्धतीने, दीड-दोन वर्षे लागतात. मार्चमध्ये जाहीर झालेले उद्दिष्ट जूनमध्ये पुरे करावयाचे असेल तर ते एकाच मार्गाने होऊ शकते. जी रोपे बाद व्हावयाची होती ती बाद न करणे हा तो मार्ग.

म्हणूनच ईशान्य भारतातील नव्या लावणीकडे काळजीने पाहिले पाहिजे. २०२१ मध्ये टायर कंपन्यांच्या संघटनेने रबर मंडळाच्या सहकार्याने ईशान्येकडील राज्यांत आणि पश्चिम बंगालात मिळून पाच वर्षांत दोन लाख हेक्टरांवर रबर लावण्याचा संकल्प सोडला आणि त्यासाठी सुमारे ११०० कोटी रुपये उभे करण्याचे मान्य केले. कारखानदारांनी कच्च्या मालाच्या मुळाशी पैसा घालावा ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण हिशेब करून पाहावा. हेक्टरी साडेचारशे रोपे धरली तरी दोन लाख हेक्टरांना नऊ कोटी रोपे लागतात. वर्षाला पावणेदोन कोटींहून अधिक. एवढी रोपे त्या प्रदेशात तयार होत नव्हती आणि केरळातून हजारो किलोमीटर वाहून न्यावी लागली. पिशवीतील मातीचा गोळा फुटला की कोवळी मुळे तुटतात. वरची पालवी कोवळी असताना रोप हलविले तर ते माना टाकते. त्यातून तेथील हिवाळा कडक, केरळात जो क्लोन अव्वल तोच तेथे अव्वल ठरेल असे नाही. त्रिपुरात १९६३ साली वनखात्याने रबर लावण्यास आरंभ केला आणि पुढे डोंगरउतारावर फिरती शेती करणाऱ्या आदिवासी कुटुंबांना स्थिर करण्यासाठी हेच पीक निवडले. आज उत्पादनात त्रिपुरा केरळच्या खालोखाल आहे. ज्या कुटुंबाने आपली फिरती शेती सोडून सात वर्षे एका बागेवर भिस्त ठेवावयाची, त्याच्या हाती दिलेले रोप जर खुरटे निघाले, तर त्याने सात वर्षांचा जाब कोणाला विचारावा? अशा योजनांचे अहवाल किती हेक्टरांवर लावणी झाली हे सांगतात. तिसऱ्या वर्षी किती झाडे उभी होती आणि त्यांचा घेर किती होता हे त्यांतून सहसा कळत नाही.

उद्दिष्टाच्या घाईने काय होते याचा एक भव्य धडा इतिहासात आहे. हेन्री फोर्ड यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलमध्ये तापाजोस नदीकाठी ‘फोर्डलँडिया’ हे मळ्याचे शहर वसविले. पैसा अमाप होता, यंत्रे होती. लावलेले बी मात्र निवड न केलेले, आसपासचे. पुढे पानकरप्याच्या रोगाने त्या दाटीच्या मळ्यांची धूळधाण केली आणि १९४५ साली कंपनीने सर्व पसारा ब्राझील सरकारला विकून टाकला. सगळा दोष बियांचा होता असे नाही. परंतु ज्या उद्योगाने मोटारीच्या प्रत्येक खिळ्याची तपासणी केली, त्याने झाडाच्या बियांची केली नाही, हे नमूद करण्याजोगे आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग आणि सावंतवाडी या तालुक्यांत, केरळातून आलेल्या बागायतदारांनी रबर रुजविले आणि त्यांचे पाहून काही स्थानिकांनीही ते लावले. उत्तर कोकणात दापचरी येथे रबर संशोधन संस्थेचे केंद्र आहे. तेथील प्रयोगांनी एक गोष्ट स्पष्टपणे दाखविली: उत्तर कोकणच्या कोरड्या, कडक उन्हाळ्यात केवळ पावसाच्या पाण्यावरचे झाड फार सावकाश वाढते, तर उन्हाळ्यात पाणी मिळालेले झाड कितीतरी आधी चीक काढण्यास योग्य होते. याचा रोपवाटिकेशी जवळचा संबंध आहे. दक्षिण आणि मध्य केरळात नैर्ऋत्य मोसमी पाऊस ओसरल्यावर परतीचा पाऊस मिळतो आणि उन्हाळ्यातही वळीव पडतात. कोकणात दसरा उलटला की आभाळ आठ महिने कोरडे. जूनमध्ये लावलेल्या रोपाने चार महिन्यांत आपले सोटमूळ ओलाव्यापर्यंत खोल नेले तर ते शिमग्यानंतरच्या उन्हात तगते. वाकड्या, दुभंगलेल्या किंवा वेटोळे घातलेल्या मुळाच्या रोपाला ते जमत नाही. केरळात ज्या रोपाचा दोष पावसाने झाकला जातो तो कोकणात पहिल्याच वैशाखात उघडा पडतो. मग नांग्या भरावयाच्या, आणि एका वर्षाने लहान असलेली ती भरतीची रोपे पुन्हा शेजाऱ्यांच्या सावलीत जावयाची. जमीन जितकी प्रतिकूल, रोप तितके अधिक निर्दोष हवे. परंतु घडते उलटेच: रबराच्या मूळ प्रदेशापासून जितके दूर जावे तितके रोप निवडण्याचे स्वातंत्र्य कमी होत जाते आणि गाडीतून जे उतरेल ते लावावे लागते.

कायद्याची मदत घ्यावी म्हटले तर येथे विचित्र पोकळी आढळते. १९६६ च्या बियाणे कायद्याने बियाण्याची जी व्याख्या केली तिच्यात अन्नधान्ये, फळे, भाजीपाला, कापूस, ताग आणि चारा आहे, रबर नाही. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यान्वये परवाना लागतो आणि खुंट व कलमकाडी कोठून आणली याच्या नोंदी ठेवाव्या लागतात. हापूसची कलमे घेणाऱ्याला निदान कागदावर तरी हे संरक्षण आहे. रबर हे फळझाड नव्हे. रबर मंडळाच्या स्वतःच्या रोपवाटिका आहेत, खासगी रोपवाटिकांना प्रमाणपत्र देण्याची पद्धतही मंडळाने घातली, आणि या दोन्ही गोष्टी उपयुक्त आहेत. पण प्रमाणपत्र हे रोपवाटिकेला मिळते, रोपाला नव्हे. पाटी दारावर लागते. आतल्या वाफ्यातून कोणते रोप बाद झाले आणि कोणते गाडीत चढले हे पाटी सांगत नाही.

परवान्यांचा आणि निरीक्षकांचा नवा जथा निर्माण करून हा प्रश्न सुटेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. निरीक्षक वाढले की त्यांना खूश ठेवण्याचा खर्चही रोपाच्या किमतीत चढतो, हे जनतेला शिकविण्याची गरज नाही. खरी गरज आहे ती जबाबदारी रोपाच्या मागोमाग बागेपर्यंत जाण्याची. प्रत्येक खेपेच्या रोपांबरोबर एक साधा कागद असावा: बी कोठले, रुजले केव्हा, डोळकाडी कोणत्या बागेतली, डोळा कोणत्या महिन्यात भरला, आणि शंभरातील किती रोपे बाद केली. हा शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. ज्या रोपवाटिकेत एकही रोप बाद होत नाही ती रोपवाटिका नसून रोपांचे गोदाम आहे. सरकारी किंवा कंपन्यांच्या खरेदीत सर्वांत कमी भावाची निविदा स्वीकारण्याचा जो परिपाठ आहे तो निदान रोपांच्या बाबतीत सोडून द्यावा आणि निवड करणाऱ्याला त्या निवडीचा मोबदला किमतीतच द्यावा. रोपामागे चार पैसे अधिक गेले तर सात वर्षांच्या खर्चात त्याने काही फरक पडत नाही. एका वर्षाने आधी चीक मिळाला तर पडतो. अनुदानाचा काही भाग लावणीच्या वेळी न देता तिसऱ्या वर्षी, उभ्या झाडांची मोजदाद करून द्यावा, आणि त्यातील एक वाटा रोपे पुरविणाऱ्याचा असावा. असे झाले तर रोपवाटिकेच्या मालकाला आपली रोपे पुढे कशी वाढतात हे पाहण्यात प्रथमच रस वाटू लागेल.

यावर आक्षेप येईल की, लहान रोपवाटिका इतके सांभाळू शकणार नाहीत आणि धंदा चार बड्यांच्या हाती जाईल. आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण त्याचे उत्तर केरळातच आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तेथे लहान धारकांचे रबर उत्पादक संघ उभे राहिले. चीक गोळा करणे, शीट तयार करणे, खते आणणे ही कामे ते एकत्रितपणे करू लागले. अशा संघाने आपल्या सभासदांच्या दोन वर्षांनंतरच्या लावणीचा अंदाज घेऊन स्वतःच रोपे वाढविली तर फसविणारा आणि फसणारा हे दोघे निराळे राहतच नाहीत. ज्याला रोप लावावयाचे तोच वाफ्याशी उभा राहून खुरटे रोप उपटतो. सिंधुदुर्गातील बागायतदारांना, ते मूळचे कोट्टायमचे असोत वा दोडामार्गचे, ही वाट धरता येण्याजोगी आहे. सहकाराची परंपरा ज्या राज्याला सांगता येते, तेथे पन्नास-शंभर बागायतदारांची एक सामाईक रोपवाटिका आणि डोळकाडीची एक नोंदलेली बाग उभी राहू नये, हेच आश्चर्य. कोकण कृषी विद्यापीठाने आंब्याच्या कलमांच्या बाबतीत कोकणाला जे शिकविले त्याची मदत येथेही होईल. दापचरीचा अनुभव तर घरचाच आहे. मंडळाने अस्सल डोळकाडी आणि डोळे भरणारे चार कुशल हात पुरविले म्हणजे आरंभास पुरे.

त्या आरंभाला मुहूर्त मात्र झाडाच्या वेळापत्रकाप्रमाणे शोधावा लागेल, अंदाजपत्रकाच्या नव्हे. आषाढ-श्रावणात बागांतून बी गळू लागते आणि ते जेमतेम काही आठवडे जिवंत असते. त्या आठवड्यांत जे बी वाळूत पडेल त्याला पुढच्या वर्षी डोळा भरता येईल आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात ते बागेत जाईल. तेव्हा नोंदवहीचे पहिले पान लिहावयाचे ते वाळूच्या वाफ्याशी, बी पसरण्याच्या दिवशी. रोपे गाडीतून उतरल्यावर ते लिहिता येत नाही.